सगळे म्हणतात सीट निघाली, मग झोप का लागत नाही?

वाचकाचे पत्र

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यात राहतो. घरची आठ एकर कोरडवाहू शेती आहे आणि वयाच्या पंचविशीपासून मी एकाच पक्षाचे काम करत आलो आहे. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीसाठी आमच्या गटाची जबाबदारी यंदा माझ्याकडे दिली आहे. गटात नऊ गावे, दोन तांडे आणि एक पोड, म्हणजे कोलामांची वस्ती, आहे. आमच्या उमेदवार ताई शिकलेल्या आहेत, बोलायलाही चांगल्या आहेत, पण सगळा कारभार त्यांचे यजमान पाहतात.

तालुक्याच्या प्रत्येक बैठकीत एकच ऐकायला मिळते की आपली सीट निघालीच आहे, लीड किती मिळतो एवढेच पाहायचे आहे. त्यामुळे कार्यकर्ते घरोघरी जायचे सोडून पानठेल्यावर बसतात आणि सभापतिपद कोणाला द्यायचे यावर वाद घालतात. मतदारही आता तेच म्हणू लागले आहेत : "तुमची तं निघालीच हाय भाऊ, आमच्या एका मतानं काय होते?" आणि रात्री साडेदहा वाजले की याच नेत्यांचे मला फोन सुरू होतात. अमका आतून दुसऱ्याचे काम करतो का, तमक्या गावात पैसे पोहोचले का, असे तासभर चालते. व्हॉट्सॲप ग्रुपवर एकमेकांवर संशय घेणे तर रोजचेच झाले आहे. मी बैठकीत एकदाच म्हणालो की दोन गावे कच्ची आहेत आणि पोडावर अजून आपला एकही माणूस गेलेला नाही, तर "निगेटिव्ह बोलू नका" असे ऐकवले गेले आणि दुसऱ्या दिवशी मीच नाराज असल्याची बातमी फिरली.

कार्यकर्त्यांना घाबरवून कामाला लावू की धीर देऊ? नेत्यांशी बोलू की गप्प बसू? घरची म्हणते, सोडून द्या हे सगळे. मला मात्र झोप लागत नाही.

सल्ला

भाऊ, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात पक्षाचे नाव आहे. ते मी येथे गाळले आहे. हेच पत्र समोरच्या पक्षातील कुणी लिहिले असते, तरी उत्तरात फारसा फरक करावा लागला नसता. तुम्ही ज्या पानठेल्याचा उल्लेख केला आहे, त्याच्या दुसऱ्या बाकावर बसणारी मंडळीही आज याच अवस्थेत असतील, अशी माझी अटकळ आहे.

दिवसाची बेफिकिरी आणि रात्रीची धास्ती ही तुम्हाला दोन वेगळी दुखणी वाटतात. मला त्यांचे मूळ एकच दिसते : तुमच्या बैठकीत बोलणाऱ्यांपैकी मतदाराच्या दारात जाऊन, त्याला विचारून आलेला माणूस जवळपास कुणीच नाही. जे तपासलेले नाही त्याविषयी चारचौघांत बोलायची वेळ आली की माणूस "सीट निघाली" म्हणून मोकळा होतो, आणि तीच गोष्ट अंथरुणावर पडल्यावर एकट्याला आठवली की त्याला घाम फुटतो. नेत्यांची अडचणही समजून घ्यायला हवी. तालुक्याच्या नेत्याने बैठकीत जराशी शंका दाखवली, तर ती तासाभरात समोरच्या गोटात पोहोचते, जिल्ह्याच्या नेत्यांच्या कानावर जाते आणि कुंपणावर बसलेले दहा जण पलीकडे उतरतात, ही त्याची भीती खोटी नाही. म्हणून तो सर्वांसमोर लीडचे आकडे सांगतो आणि रात्री तुम्हाला फोन करतो. तो फोन म्हणजे त्याने तुमच्यापुरती दिलेली कबुलीच आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

तुम्ही कापसाचे कास्तकार आहात, म्हणून २०१७ च्या हंगामाची आठवण देतो. गुलाबी बोंडअळीने जिल्हा नागवला, तेव्हा धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, पाहणाऱ्याला पऱ्हाटी हिरवीगार आणि बोंडांनी लदलेलीच दिसत होती. नुकसान कळले ते बोंड हातात घेऊन फोडणाऱ्याला. "वातावरण आपले आहे" हे वाक्य असेच धुऱ्यावरून बोललेले असते.

यंदा तर ते नेहमीपेक्षा अधिक धोक्याचे आहे. तुमच्या जिल्हा परिषदेची मागची निवडणूक फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. मार्च २०२२ मध्ये सदस्यांची मुदत संपली आणि कारभार प्रशासकाकडे गेला. आरक्षण आणि गटरचनेचे वाद न्यायालयात अडकत गेले आणि निवडणूक लांबत राहिली. मधल्या काळात जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटली, आणि २०१७ मध्ये एकाच चिन्हावर मत मागणारे सख्खे शेजारी आज दोन वेगळ्या मांडवांत उभे आहेत. फेब्रुवारी २०१७ नंतर ज्यांनी वयाची अठरा वर्षे पूर्ण केली, त्या तुमच्या गटातील मुलामुलींनी जिल्हा परिषदेसाठी अजून एकदाही मत दिलेले नाही. बैठकीत "ते गाव पहिल्यापासून आपल्याला प्लस आहे" असे कुणी म्हणाले, तर तो कोणत्या सालचा हिशेब सांगत आहे, हे शांतपणे विचारा. बहुतेक वेळा तो २०१७ चा निघेल, किंवा विधानसभेचा, जिथे उमेदवार वेगळा, चिन्हांची जुळवाजुळव वेगळी आणि मतदाराच्या मनातला प्रश्नही वेगळा होता. गावातला माणूस आमदाराला एक कारण धरून मत देतो आणि जिल्हा परिषदेला पांदण रस्त्यावरून, शाळेच्या गळक्या खोलीवरून किंवा दवाखान्यात न सापडणाऱ्या डॉक्टरवरून मत देतो.

आता मतदाराच्या बेफिकिरीकडे येतो. "आमच्या एका मतानं काय होते" हे वाक्य मतदाराच्या डोक्यात आपोआप उगवलेले नाही, ते तुमच्याच कार्यकर्त्यांनी पेरलेले आहे. निकाल लागल्यासारखे दहा वेळा सांगितल्यावर अकराव्या वेळी तो मतदान केंद्रावर का जाईल? जी बाई वेचणीला जाते तिला किलोप्रमाणे मजुरी मिळते; सकाळचे तीन तास रांगेत गेले, तर तेवढ्या किलोंचे पैसे तिच्या हातून जातात. ज्या उमेदवाराची सीट निघालेलीच आहे असे सगळे गाव म्हणते, त्याच्यासाठी तिने ते का सोडावेत? याला आळस म्हणणे मला पटत नाही. २०२४ च्या लोकसभेला एप्रिलच्या उन्हात गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सुमारे ७२ टक्के मतदान झाले आणि सोयींनी भरलेल्या नागपुरात सुमारे ५४ टक्के, हे विसरू नका. आपल्या मताची कुणाला तरी गरज आहे असे वाटले, तर आपल्याकडचा खेड्यातला माणूस जंगलातली वाट तुडवूनही केंद्रावर येतो.

विजय गृहीत धरल्यावर काय होते, याची उदाहरणे दूर शोधायची गरज नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत "चारशे पार" ही घोषणा इतकी पसरली की तिच्याच पक्षाचे अनेक कार्यकर्ते निकाल लागल्याच्या थाटात वावरू लागले. महाराष्ट्रात त्या पक्षाच्या जागा २३ वरून ९ वर आल्या. मग पाळी समोरच्यांची होती. महाविकास आघाडीने ४८ पैकी ३० जागा जिंकल्या, विदर्भातल्या १० पैकी ७ त्यांच्याकडे गेल्या, आणि दोन्ही बाजूंच्या मतांतले अंतर राज्यभर जेमतेम एका टक्क्याच्या आसपास आहे, हे त्या गुलालात फारसे कुणी पाहिले नाही. पुढचे काही महिने मुख्यमंत्री कोणाचा यावर आणि विदर्भातल्या जागा कोणी लढवायच्या यावर भांडण्यात गेले. त्याच काळात जुलैपासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये जाहीर झाले आणि घराघरांतला हिशेब बदलला. नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी महायुतीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून २३० जागा मिळाल्या आणि आघाडीच्या तीन प्रमुख पक्षांना मिळून ४६. या उलथापालथीला एकटी बेफिकिरी कारणीभूत होती असे मी म्हणणार नाही, तसे म्हणणे सोपे आणि चुकीचे होईल. पण जूनमधला विजय किती पातळ होता हे ज्यांनी बूथनिहाय तपासले नाही, त्यांना नोव्हेंबरचा निकाल आकाशातून पडल्यासारखा वाटला, एवढे नक्की.

त्याच विधानसभेतले आपल्याकडचे दोन निकाल कार्यकर्त्यांना जरूर सांगा. भंडारा जिल्ह्यातील साकोलीत नाना पटोले २०८ मतांनी निवडून आले आणि बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१ मतांनी. राज्यात त्या वेळी एक लाखाहून थोडी अधिक मतदान केंद्रे होती, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी साडेतीनशेच्या आसपास. साकोलीतला फरक केंद्रांवर वाटला, तर एका केंद्राच्या वाट्याला पुरते एक मतही येत नाही. जिल्हा परिषदेचा गट त्याहून कितीतरी लहान असतो, तेव्हा तुमच्या एका तांड्याने त्या दिवशी वेचणीलाच जायचे ठरवले, तर काय होईल याचा हिशेब तुम्हीच करा.

कार्यकर्त्यांना घाबरवायचे की धीर द्यायचा, हा तुमचा पहिला प्रश्न. माझे मत असे की दोन्ही करू नका. घाबरलेला कार्यकर्ता मतदाराकडे जात नाही, तो दुसऱ्या कार्यकर्त्याकडे जातो आणि दोघे मिळून अफवा मोठी करतात. धीर दिलेला कार्यकर्ता घरी जाऊन झोपतो. त्याला त्याच्या बूथचा खरा आकडा द्या, किंवा त्याहून चांगले म्हणजे तो आकडा त्यालाच काढायला लावा. काम जुनेच आहे आणि कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते टाळले जाते.

मतदार यादीच्या एका पानावर साधारणपणे तीस नावे असतात. गावातील तीन माणसे एका संध्याकाळी एका पानाला बसवा, आणि त्यांत एक बाई असलीच पाहिजे, कारण कोणत्या घरात कोणाचे कोणाशी पटत नाही, कोणती सून माहेरी गेली आहे आणि कोणाच्या दवाखान्याचा खर्च कोणी केला, हे गावातल्या पुरुषांना निम्मेही ठाऊक नसते. प्रत्येक नावापुढे चारपैकी एक खूण करायला सांगा : आपले, त्यांचे, गावात नाही, माहीत नाही. आणि अट एकच ठेवा की "आपले" ही खूण त्या माणसाला गेल्या आठ दिवसांत कुणी प्रत्यक्ष भेटले असेल तरच करायची, कोण भेटले त्याचे नाव शेजारी लिहून. समजा, अशा एका पानावर दोघे वारलेले निघतील, एक मुलगी लग्न होऊन वाशीमला गेलेली असेल, तिघे चाकणच्या कंपन्यांत असतील, तांड्यातले एखादे जोडपे ऊसतोडीला गेलेले असेल. उरलेल्या बावीसमध्ये पहिल्या झटक्यात सगळे "आपले" म्हणतील. मग तुम्ही विचारा : "याला कोण भेटलं? काय म्हणाला तो?" दहाव्या नावापर्यंत मंडळी गप्प होतील आणि "माहीत नाही" चा रकाना भरू लागेल. त्या रकान्यातली नावे म्हणजे तुमच्या गटाची खरी निवडणूक. तो भरला म्हणून खचू नका. तोंडाने कुणी सांगत नव्हते, ते आता कागदावर आले एवढेच.

जिल्हा परिषदेसाठी विधानसभेचीच मतदार यादी गट आणि गणांनुसार (गण म्हणजे पंचायत समितीचा मतदारसंघ) विभागून वापरली जाते. विभागणीत एकाच घरातली माणसे दोन केंद्रांवर पडणे किंवा शेजारच्या गटात जाणे असे प्रकार होतात. प्रारूप यादीवर हरकत घेण्याची मुदत सुटली की हातात फारसे काही राहत नाही, मात्र कोणाचे नाव कोणत्या केंद्रावर आहे हे त्याला आधी सांगणे तुमच्या हातात असते. निवडणूक कामावर केंद्राध्यक्ष म्हणून बसताना मी पाहत आलो आहे की म्हातारी माणसे भर दुपारी एका शाळेतून दुसऱ्या शाळेत पाठवली जातात, तेव्हा त्यांतली बरीच मंडळी दुसऱ्या शाळेत पोहोचतच नाहीत, सरळ घरी जातात. त्यांच्या चिठ्ठ्या आदल्या दिवशी बरोबर घरात पोहोचल्या, तर हे टळते. शिवाय या निवडणुकीत मतदाराला दोन मते द्यायची असतात, एक गटासाठी आणि एक गणासाठी, हेही प्रत्येक दारात सांगावे लागेल. आठ-नऊ वर्षांपूर्वीची सवय बऱ्याच जणांची मोडली आहे आणि नव्या पोरांना ती कधी लागलेलीच नाही.

आता नेत्याशी बोलण्याविषयी. बोला, पण बैठकीत नको. भरल्या बैठकीत "दोन गावे कच्ची आहेत" असे म्हणणे म्हणजे त्या दोन गावांच्या प्रमुखांना सर्वांदेखत नापास करणे, आणि त्यांनी तुम्हाला नाराज ठरवले यात नवल नाही. सकाळी साडेसहाला, गर्दी जमायच्या आत, एकट्याने नेत्याच्या घरी जा. चहा होऊ द्या. मग वातावरण, हवा, लाट यांतला एकही शब्द न उच्चारता यादीचे कागद पुढे ठेवा आणि एवढेच म्हणा : "दादा, या बूथवरच्या इतक्या लोकांना आपल्यातलं कुणीच भेटलेलं नाही. मला दोन संध्याकाळ ताई पाहिजेत आणि सोबत चार बाया." मागणी लहान आणि नेमकी असली की नेत्याला नाही म्हणणे जड जाते; "काहीतरी करा" असे म्हटले की तो "करू" म्हणतो आणि विषय संपतो. रात्री ज्याचा फोन येतो, त्यालाही असा कागद हवाच असतो, फक्त तो मागायची त्याची हिंमत होत नाही. तरीही त्याने उडवून लावले तर वाद घालू नका. नऊपैकी ज्या गावांत तुमचे ऐकणारी माणसे आहेत तिथे काम सुरू करा. बाकीच्या गावांत ते आठवडाभरात आपोआप मागितले जाते, असा अनुभव आहे.

रात्रीच्या संशयाबद्दल मात्र मला थोडे कडक बोलावे लागेल. निवडणूक हरल्यावर ज्याला दगा म्हटले जाते, त्यातला मोठा भाग दगा नसतोच, ते न केलेले काम असते. ज्याचे तिकीट कापले गेले तो माणूस घरात बसला आहे, म्हणजे तो समोरच्याला मिळाला आहे असे तुमचा ग्रुप धरून चालतो. त्याच्याकडे उमेदवार ताई गेल्या का? त्याला काही काम दिले का? की त्याच्याविषयी आलेले संदेश फक्त पुढे पाठवले गेले? ज्याच्या दारात आपला माणूस महिनाभर फिरकला नाही आणि ज्याच्या फोनवर रोज आपल्याच ग्रुपमधले टोमणे पोहोचतात, तो शेवटी खरेच पलीकडे जातो, आणि मग "बघा, मी म्हणत नव्हतो का" असे म्हणणारा शहाणा ठरतो. त्या माणसाला एकदा भेटा. विनवण्या करू नका, त्याचे ऐकून घ्या, आणि त्याच्याच वाड्यातली यादीची दोन पाने त्याच्या हातात द्या. त्याने ती घेतली तर उत्तम, नाही घेतली तर निदान तुम्हाला नक्की काय ते कळले, आणि रात्रीच्या फोनवरचा एक विषय कमी झाला.

धास्तीचे आणखी एक रूप आहे, ज्याचा उल्लेख तुम्ही ओझरता केला आहे. शेवटच्या दोन रात्रींत पाकिटे वाटायची भाषा सुरू होते, कारण महिनाभर न केलेल्या भेटी दोन रात्रींत उरकायच्या असतात. मत देण्यासाठी पैसे देणे आणि घेणे दोन्ही गुन्हा आहे आणि त्याला भारतीय न्याय संहितेत एक वर्षापर्यंत कैद आहे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. व्यवहाराच्या अंगानेही पाहा : ज्या घरात तुम्ही आधी कधीच गेला नाहीत, तिथे रात्री पाकीट घेऊन गेलात तर त्या घराला एवढेच समजते की ही मंडळी घाबरली आहेत. त्या वाटपात तुम्ही पडू नका, आणि तुमच्या हाताखालच्या तरुण पोरांना तर मुळीच पडू देऊ नका. पकडले जातात ते तेच.

मतदानाच्या दिवशी मी तुमच्या जागी असतो तर बाहेरच्या टेबलावर गर्दी करण्याऐवजी दुपारी बाराच्या सुमारास प्रत्येक केंद्राची, मत देऊन गेलेल्यांच्या नावांवर खूण केलेली यादी पाहिली असती. खुणा नसलेली नावे बहुधा विखुरलेली नसतात, एकाच आळीतली किंवा एकाच तांड्यातली असतात, आणि त्यावरून कुठे जायचे ते समजते. वेचणीला गेलेल्या बायांना आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे लागते की सकाळी आधी मत, मग वावर; ज्यांच्या वावरात त्या जातात, त्या कास्तकारांशीही बोलावे लागते, नाहीतर मुकादम पहाटेच गाडी भरून नेतो. मतदारांना गाडीने आणण्याविषयी आयोगाचे जे नियम असतील ते निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातून आधीच विचारून घ्या, ऐनवेळी कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका.

घरच्या सल्ल्याविषयी तुम्ही घाईने लिहून पुढे गेला आहात. मला त्यात राग दिसत नाही, थकवा दिसतो. रात्री साडेदहानंतर तासभर तुम्ही आवाज दाबून फोनवर बोलता, तेव्हा तुमच्या शेजारी आणखी एका माणसाची झोप जाते. नेत्यांना नम्रपणे सांगा की साडेनऊनंतर फोन उचलणार नाही आणि पहाटे साडेपाचला मीच फोन करून दिवसाचा हिशेब देईन. चार दिवस कुरकुर होईल, मग सवय होईल. रात्रीच्या अंदाजाऐवजी सकाळचा हिशेब मिळू लागला की त्यांनाही तेच बरे वाटेल. ग्रुप बंद आवाजावर ठेवा. काम सोडावे असे मी सांगणार नाही, कारण गटात खरी परिस्थिती ठाऊक असलेला आणि ती बोलून दाखवणारा माणूस मला तुमच्याशिवाय पत्रात कुणी दिसला नाही. पण तूर मळणीला आली असेल, तर ते चार दिवस घरचे आहेत हे पक्षाला आताच सांगून ठेवा.

सुरुवात पोडापासून करा. कोलामांच्या वस्तीत दिवसा गेलात तर दारे बंद मिळतील, माणसे वावरात किंवा रानात असतात. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा. चार गाड्यांचा ताफा नेऊ नका आणि भाषण ठेवू नका. उमेदवार ताईंना न्या, यजमानांना त्या दिवशी दुसरे एखादे काम द्या, आणि तिथल्या बाया पाण्याविषयी काय म्हणतात ते ताईंना स्वतःच्या हाताने लिहून घेऊ द्या. जे करता येणार नाही त्याला तिथेच नाही म्हणा. परत येताना यादीतली त्या पोडाची नावे एकेक करून पाहा आणि "माहीत नाही" च्या रकान्यातून किती बाहेर आली ते मला कळवा, मतदानाच्या आधी वेळ मिळाला तर.